पहिली मोटारसायकल घेण्याआधी अंगणातून रस्त्यापर्यंतचा चढ पाहा

नमस्कार. तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. तुमचे वय २३, उंची पाच फूट दोन इंच आणि वजन ५० किलोच्या आसपास आहे. चिपळूणला एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये नोकरी लागली आहे, घर मार्गताम्हान्याच्या आतल्या एका वाडीत आहे, जाऊन-येऊन रोजचे ५२ किलोमीटर पडतील आणि सायकलखेरीज आजवर तुम्ही काहीही चालवलेले नाही. हाताशी दीड लाख रुपये आहेत. भाऊ म्हणतो की घ्यायचीच तर ३५० सीसीची घे, म्हणजे पुन्हा बदलायला नको. बाबा म्हणतात की स्कूटर घे. तुम्हाला स्वतःला मात्र गिअरची मोटारसायकल हवी आहे, आणि तीही येत्या पावसाळ्याआधी.

मी चिपळूण तालुक्यात गेली २४ वर्षे दुचाकी दुरुस्तीचे गॅरेज चालवतो आणि त्यातली ११ वर्षे सकाळच्या वेळी नवशिक्यांना गाडी शिकवतो. पहिली गाडी निवडताना चुकलेली माणसे या काळात मी पुष्कळ पाहिली आणि बहुतेकांची चूक एकाच जागी झालेली होती. गाडी धावताना कशी वाटेल याचा त्यांनी विचार केला होता. ती थांबलेली असताना आपल्याला पेलेल का, याचा केला नव्हता. नवशिक्याच्या हातून गाडी पडते ती बहुतेक वेळा थांबताना, निघताना, वळवताना किंवा नुसती ढकलताना. आपल्याकडे घर रस्त्याच्या वर असते नाहीतर खाली. अंगण आणि डांबरी रस्ता एका पातळीवर आहे असे घर शोधावे लागते. म्हणून कोणती कंपनी आणि किती सीसी याआधी तुम्ही हे ठरवायला हवे, की पावसात, चढावर, कुणाच्याही मदतीशिवाय थांबलेल्या अवस्थेत तुम्ही एकट्या जी गाडी सावरू शकाल ती कोणती.

हे मी इतक्या आग्रहाने का सांगतो, ते घरातल्याच एका प्रसंगावरून सांगतो. माझ्या पुतण्याने पहिलीच गाडी ३५० सीसीची घेतली. त्याची उंची तुमच्याहून चार-पाच इंच जास्त, तब्येतही चांगली. मी नको म्हटले होते, पण पैसे त्याचे होते आणि मी फार ताणून धरले नाही. त्याची खंत मला आजही आहे. तिसऱ्या दिवशी सकाळी तो घरून निघाला. आमच्या बेड्यापासून, म्हणजे अंगणाच्या फाटकापासून, डांबरी रस्त्यापर्यंत जेमतेम बारा-तेरा हातांचा चढ आहे, जांभ्याचे चिरे बसवलेला. तो वर पोहोचतो तोच समोरून एसटी आली, म्हणून चढ संपण्याआधीच तो थांबला. टेकायला काढलेला डावा पाय चिऱ्याच्या कडेबाहेर गेला आणि तिथे जमीन वीतभर खाली होती. पाय जमिनीला लागेपर्यंत गाडी कलली होती. शंभर-सव्वाशे किलोची गाडी तेवढ्या कलातून माणूस जोर लावून परत उभी करू शकतो. १९५ किलोची कललेली गाडी धरून ठेवता येत नाही. त्याने ती सोडली नाही, म्हणून मनगट मोडले. त्या वेळी गाडीचा वेग शून्य होता. हाड दीड महिन्यात जुळले, पण चढावर थांबण्याची भीती दीड वर्ष गेली नाही आणि शेवटी चार हजार किलोमीटरसुद्धा न चालवता गाडी विकावी लागली.

तुम्ही मुलगी आहात म्हणून हलकी गाडी सुचवतो आहे, असे कृपया समजू नका. हाच सल्ला मी पुतण्याला दिला होता आणि शिकायला येणाऱ्या प्रत्येकाला देतो. मोजायचे असते ते पायाची लांबी आणि दोन हातांचे बळ. त्यापलीकडे गाडीला चालवणाऱ्यात फरक कळत नाही.

आता आकडे पाहू. स्प्लेंडर प्लस सुमारे ११२ किलोची आहे आणि तिच्या सीटची उंची ७८५ मिलिमीटर आहे. शाइन १२५ ही ११३ किलोच्या आसपास आणि सीट ७९१. शाइन १०० त्याहून हलकी, सुमारे ९९ किलोची. रेडर १२५ ही १२३ किलोची, सीट ७८०. भावाने सुचवलेल्या वर्गातली क्लासिक ३५० ही १९५ किलोची आहे आणि तिची सीट ८०५ मिलिमीटरवर आहे. पाच फूट दोन इंच उंचीच्या माणसाच्या पायाची आतली लांबी साधारण ७२० ते ७४० मिलिमीटर भरते. तुम्ही बसल्यावर शॉकअप थोडे दबतात आणि बुटाचा तळवाही काही भर घालतो, त्यामुळे ७८५ च्या सीटवर तुमचे दोन्ही चवडे नीट टेकतील, टाचा किंचित वर राहतील. एवढे पुरते. मात्र केवळ सीटची उंची पाहून फसू नका. मिटिओर ३५० ची सीट ७६५ वरच आहे, पाय छान टेकतात, पण वजन १९१ किलो आहे. सपाट शोरूममध्ये ती तुम्हाला हलकी वाटेल आणि घरच्या चढावर वाटणार नाही. शिवाय सीट पुढच्या बाजूला रुंद असली, तर मांड्या फाकतात आणि कागदावर कमी दिसणारी उंचीही पायाला जास्त लागते. म्हणून टेपने मोजण्यापेक्षा बसून पाहावे.

शोरूममध्ये जाताना तुम्ही रोज घालणार ते बूट घालून जा. गाडी चालवून दाखवण्याची घाई तिथल्या माणसाला असते; त्याला थांबवा आणि बंद गाडीवर चार गोष्टी करून पाहा. गाडी साइड स्टँडवरून एकटीने सरळ उभी करा. उजव्या-डाव्या बाजूला वीतभर कलवून परत सरळ आणा. खाली उतरून, हँडल धरून दहा पावले मागे ढकला, कारण चिपळूणच्या बाजारात पार्किंगमधून गाडी काढताना हेच रोज करावे लागणार आहे. शेवटी मेन स्टँडला लावा. मेन स्टँडला लावताना हातांनी उचलायची नसते. उजवा पाय स्टँडच्या खुंटीवर ठेवून अंगाचा भार त्यावर टाकायचा असतो आणि गाडी आपोआप मागे चढते. एकदा दाखवून घेतले की ५० किलोच्या माणसालाही हे जमते. या चारांपैकी एकही गोष्ट दम लावून करावी लागली, तर ती गाडी तुमची पहिली गाडी नव्हे. तिसरी असू शकेल.

बाबांच्या स्कूटरच्या सूचनेबद्दल मला मनापासून आदर आहे. तुम्ही चिपळूण शहरातच राहत असता, तर मीही स्कूटरच सांगितली असती. क्लच नाही, गिअर नाही, पायाशी पिशवी ठेवायला जागा आहे. पण तुमचा रस्ता वेगळा आहे. अॅक्टिव्हासारख्या स्कूटरचे पुढचे चाक १२ इंची आणि मागचे १० इंची असते, तर शंभर सीसीच्या साध्या मोटारसायकलची चाके १७-१८ इंची असतात. पाण्याने भरलेला खड्डा किती खोल आहे ते जुलैत कुणालाच दिसत नाही. त्या खड्ड्यावरून मोठे चाक निघून जाते आणि लहान चाक आत उतरते, म्हणजे हँडलला जो हिसका बसतो तो स्कूटरवर जास्त असतो. दुसरी गोष्ट उताराची. गिअरच्या गाडीवर दुसरा गिअर टाकून उतरलात की इंजिनच गाडीला मागे ओढून धरते आणि ब्रेक विश्रांती घेतात. स्कूटरचे इंजिन इतके धरत नाही. लांब उतारावर सगळा भार ब्रेकवर येतो. पेट्रोल वाचवायला न्यूट्रल करून घाट उतरणारी माणसे मी रोज पाहतो, आणि त्यांच्या जळालेल्या ब्रेकशूही माझ्याच गॅरेजात येतात. तुम्ही तसे कधीही करू नका.

आता इंजिनचा प्रश्न. १०० आणि १२५ मध्ये निवडताना तुम्ही न लिहिलेली एक गोष्ट महत्त्वाची आहे: मागे कुणी बसणार आहे का? एकट्याने जायचे असेल, तर १०० सीसीची गाडी या रस्त्याला पुरेशी आहे आणि तिच्यावर हात लवकर बसतो. पण शनिवारच्या बाजाराला आईला मागे बसवून आणायचे असेल, तर चढावर १०० सीसीला वारंवार गिअर उतरवावा लागतो आणि नवशिक्याचा गोंधळ नेमका तिथेच होतो. त्यासाठी १२५ बरी. वजनात दोघींत फारसा फरक नाही, त्यामुळे माझा कल तुमच्या बाबतीत १२५ कडे आहे. खर्चाचा हिशेबही करून ठेवा. महिन्याचे २६ दिवस धरले तर तुमचे १,३५२ किलोमीटर होतात. लिटरला ६० देणारी गाडी साडेबावीस लिटर पेट्रोल घेईल आणि ३५ देणारी साडेअडतीस. हा १६ लिटरचा फरक तुमच्या पहिल्या पगारात जाणवण्याइतका आहे.

ब्रेकच्या बाबतीत मात्र मोठ्या गाडीच्या बाजूने एक खरा मुद्दा आहे आणि तो लपवणे योग्य नाही. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या नव्या गाड्यांना एबीएस (चाक जाम होऊ न देणारी ब्रेकची यंत्रणा) सक्तीचे आहे, तर त्या नियमानुसार १२५ पर्यंतच्या गाड्यांना सीबीएस असले तरी चालते. सीबीएस म्हणजे पायाचा ब्रेक दाबला की मागच्याबरोबर पुढचाही काही प्रमाणात लागतो. नवशिके हाताचा ब्रेक विसरून फक्त पायावर विसंबतात, त्यामुळे त्यांना हे उपयोगी पडते. पण ओल्या रस्त्यावर घाबरून ब्रेक करकचून दाबला, तर चाक जाम होणे सीबीएस थांबवत नाही, एबीएस थांबवते. जांभ्याची बारीक खडी पसरलेल्या वळणावर पुढचे चाक जाम झाले की गाडी हातात राहत नाही. म्हणून १२५ मध्येच एबीएस असलेले मॉडेल बजेटमध्ये बसले, तर त्याला जास्त पैसे मोजावेत, असे माझे मत आहे. एक्स्ट्रीम १२५ आर मध्ये तसा पर्याय मिळतो, मात्र तिचे वजन १३६ किलोच्या आसपास आहे, म्हणून वरच्या चार कसोट्या तिच्यावर विशेष काळजीने करा. ते जमले नाही, तर निदान पुढे डिस्क ब्रेक असलेली गाडी घ्या. ड्रम ब्रेकमध्ये पाणी शिरले की पहिल्या दोन-तीन दाबांना ब्रेक लागतच नाही. पऱ्याचे, म्हणजे ओहोळाचे, पाणी रस्त्यावरून वाहत असेल आणि त्यातून जावे लागले, तर पुढे थोडे अंतर ब्रेक हलका दाबून ठेवायचा, म्हणजे शू सुकतात.

खाऱ्या हवेत आणि लाल चिखलात गाडी कशी टिकते, याचा विचार जाहिरातीत नसतो, पण आपल्याकडे तो आधी करावा लागतो. साध्या प्रवासी गाड्यांची चेन पूर्ण बंद कव्हरात असते. स्पोर्टी दिसणाऱ्या गाड्यांची उघडी असते. गुहागरच्या किनाऱ्याकडून माझ्याकडे येणाऱ्या उघड्या चेनच्या गाड्यांत, मालकाने तेलपाणी केले नसेल तर, एकाच पावसाळ्यात चेनच्या कड्या अशा ताठरतात की चेन हातात धरली तर ती सापासारखी न लोंबता काठीसारखी वाकडी उभी राहते. तुम्ही रोज ५२ किलोमीटर जाणार, म्हणजे दर दहा दिवसांनी पाचशे किलोमीटर होणार. उघडी चेन असेल, तर तेवढ्यातच एकदा ती पुसून ९० नंबरचे गिअर ऑइल सोडावे लागेल. बंद कव्हरवाली गाडी यातून बरीच सूट देते. चाके तारांची न घेता मॅगव्हीलची, म्हणजे अखंड ओतीव धातूची, घ्या. तारा गंजतात आणि ट्यूबलेस टायरही साधारणपणे मॅगव्हीललाच मिळतो. ट्यूबलेसमधली हवा हळू उतरते, त्यामुळे संध्याकाळी सातला आडरस्त्याला पंक्चर झाले तरी बहुतेक वेळा घर गाठता येते. किक आहे का, तेही पाहून घ्या, कारण दमट हवेत बॅटरी एखाद्या सकाळी दगा देते. आणि हेडलाइट रात्री लावून पाहिल्याशिवाय गाडी ठरवू नका. पावसाळ्यात गुरे कोरड्या जागेसाठी डांबरावर येऊन बसतात. काळी म्हैस काळ्या रस्त्यावर वीस पावलांवर आली तरी दिसत नाही.

आतापर्यंतचे थोडक्यात असे: १०० ते १२५ सीसी, १२५ किलोच्या आतबाहेर वजन, ७९० च्या जवळपास किंवा खाली सीट, पुढे डिस्क आणि जमल्यास एबीएस, बंद चेनकव्हर, मॅगव्हील. या चौकटीत तीन-चार कंपन्यांच्या गाड्या बसतात. त्यातली कुठली, हे तुमच्या वाडीपासून सर्वांत जवळच्या गॅरेजवाल्याला विचारून ठरवा. त्याच्या फळीवर ज्या गाडीची क्लच वायर आणि ब्रेकशू नेहमी असतात, ती गाडी तुम्हाला सोयीची.

नवी घ्यावी की जुनी, हे मी ठामपणे सांगू शकत नाही, कारण ते जुनी गाडी कोण पारखून देणार यावर अवलंबून आहे. जुन्या गाडीचा फायदा खरा आहे. शिकताना गाडी एक-दोनदा पडतेच. क्लचचा दांडा वाकतो, इंडिकेटर फुटतो, फूटरेस्ट दुमडतो. जुन्या गाडीवर हे झाले तर मन खट्टू होत नाही आणि माणूस शिकत राहतो. पण आपल्या भागातल्या जुन्या गाड्यांचे तीन प्रकार असे आहेत की ते ओळखता आलेच पाहिजेत.

पहिली चाकरमान्याची गाडी. ती मुंबईकर मालकाने गावी ठेवलेली असते, गणपतीत आणि शिमग्यात चालते, एरवी पडवीत उभी असते. मीटरवर सात-आठ हजार किलोमीटर पाहून लोक खूश होतात. टाकीचे झाकण उघडा आणि मोबाइलचा टॉर्च आत मारा. अर्धी रिकामी टाकी दमट हवेत महिनोन्महिने राहिली की वरच्या भागाला आतून गंज चढतो आणि त्याची लाल पूड पेट्रोलमधून इंजेक्टरपर्यंत जाते. पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळलेले असते आणि इथेनॉल पाणी ओढते, त्यामुळे उभ्या गाडीला हा त्रास अधिक होतो. टायरच्या बाजूला नखाने दाबून पाहा. बारीक चिरा दिसल्या, तर नक्षी कितीही शिल्लक असली तरी तो टायर बदलण्याचा खर्च किमतीतून वजा करा.

दुसरी मासे वाहिलेली गाडी. ती बाहेरून धुऊन-पुसून आणलेली असते. सीट काढा आणि मागच्या मडगार्डच्या आत, स्विंगआर्म (मागचे चाक धरणारा दांडा) जिथे चासीला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला, जोडतो तिथे बोट फिरवा. बर्फाचे खारे पाणी वर्षानुवर्षे तिथेच ठिबकलेले असते. पत्रा पापुद्र्यांनी सुटत असेल, तर गाडी कितीही स्वस्त असली तरी सोडून द्या, कारण चासीचा गंज रंगाने झाकता येतो, बरा करता येत नाही.

तिसरी पुरातली गाडी. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठी नदी शहरात शिरली तेव्हा चिपळूणमधल्या असंख्य गाड्या हँडलच्या वरपर्यंत पाण्यात होत्या. त्यानंतर कित्येक दिवस मी आणि माझी दोन मुले रात्री उशिरापर्यंत इंजिने उघडून चिखल काढत होतो, म्हणून हे मला जवळून माहीत आहे. नीट दुरुस्त केलेली गाडी चालते, पण वायरिंगचा भरवसा राहत नाही. हेडलाइटच्या काचेच्या आत तळाशी चहाच्या रंगाची रेघ दिसते का, वायरचे जोड उघडल्यावर पितळेवर हिरवट बुरशी दिसते का, टाकी उचलल्यावर चासीच्या खोबणीत वाळलेला बारीक गाळ आहे का, एवढे तपासा. २०२१ च्या आधीची चिपळूणची गाडी असेल, तर हे तपासणे टाळू नका.

कागदपत्रांत आरसीवरचे (गाडीच्या नोंदणीपत्रावरचे) नाव विकणाऱ्याचेच आहे ना ते पाहा. बँकेचा बोजा असेल, तर बँकेची एनओसी (ना-हरकत पत्र) आणि बोजा उतरवण्याचा फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. मालकी बदलण्याच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या झाल्या तरी गाडी तुमच्या नावावर चढेपर्यंत पाठपुरावा करा. किमतीच्या घासाघिशीत हेही ध्यानात असू द्या की २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. जुनी गाडी विकणारा पुष्कळदा आपण घेतलेल्या किमतीवरून भाव सांगतो. तुम्ही आजच्या नव्या गाडीच्या किमतीवरून उलटे मोजत या.

दीड लाखापैकी सगळे गाडीत घालू नका. आयएसआय खुणेचे पूर्ण तोंडाचे हेल्मेट, घोटा झाकणारे बूट, हातमोजे आणि उठून दिसणाऱ्या रंगाचा दोन भागांचा रेनकोट यांसाठी आठ-दहा हजार आधीच बाजूला काढा. रेनकोट काळा किंवा गडद निळा घेऊ नका; जुलैच्या संध्याकाळी डंपरवाल्याला तो दिसत नाही. नव्या गाडीबरोबर पाच वर्षांचा थर्ड पार्टी (दुसऱ्याच्या नुकसानीचा) विमा येतोच, पण पुरात तुमचीच गाडी बुडाली तर त्यातून एक रुपयाही मिळत नाही. चिपळूणला रोज गाडी उभी करणाऱ्याने स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा दरवर्षी घेतलाच पाहिजे.

राहिला प्रश्न कधी घ्यायची याचा, आणि इथे मी तुमच्याशी असहमत आहे. तुमच्याकडे अजून शिकाऊ लायसन्सही नाही. ते मिळाल्यापासून ३० दिवसांनी पक्क्या लायसन्सचा अर्ज करता येतो, म्हणजे आज सगळे सुरळीत सुरू केले तरी ऐन जूनच्या मध्यावर, रस्ता वर्षातल्या सर्वांत निसरड्या अवस्थेत असताना, तुम्ही पहिल्यांदा एकट्या बाहेर पडाल. त्यापेक्षा हा पावसाळा एसटीने जा. शिकाऊ लायसन्स ऑगस्टमध्ये काढा. ते सहा महिने चालते, म्हणजे फेब्रुवारीपर्यंत वेळ मिळतो. चाचणी गिअरच्या गाडीवरच द्या, कारण स्कूटरवर दिलेल्या चाचणीने मिळणारे लायसन्स मोटारसायकलला चालत नाही. पावसाच्या उघडिपीत कुणाची तरी जुनी शंभर सीसीची गाडी मागून शाळेच्या मैदानावर फक्त क्लच शिका: पहिल्या गिअरमध्ये, अॅक्सिलरेटर न देता, क्लच हळूहळू सोडत गाडी चालत्या माणसाच्या वेगाने पाय न टेकता वीस पावले न्यायची आणि थांबायच्या क्षणी डावा पाय टेकायला काढायचा. सकाळी अर्धा तास, पंधरा दिवस. माझ्याकडे येणाऱ्यांना मी हे जमेपर्यंत दुसरा गिअर टाकू देत नाही. त्यानंतर मैदानातून आपल्या घरच्या चढावर यायचे आणि मागचा ब्रेक पायाने धरून, क्लच सोडताना इंजिन गाडीला ओढू लागले की ब्रेक सोडत निघायचे, गाडी एक बोटही मागे न जाता.

दसऱ्याला गाडी घ्या. तोवर रस्ते कोरडे होऊ लागलेले असतात आणि पुढे जूनपर्यंत जवळपास आठ महिने हात बसायला मिळतात. घरी गाडी कुठे उभी राहणार, तेही तोवर ठरवून ठेवा. अंगण मातीचे असेल, तर एक सपाट चिरा किंवा फरशीचा तुकडा साइड स्टँडखाली कायमचा बसवून घ्या, कारण भिजलेल्या लाल मातीत स्टँड रात्रभरात रुततो आणि सकाळी गाडी आडवी सापडते. पुढच्या जूनमध्ये पहिली मोठी सर येईल तेव्हा रस्त्यावर साचलेले तेल, धूळ आणि लाल माती मिळून डांबरावर साबणासारखा थर तयार होतो. चार-दोन जोरदार सरींनी तो धुऊन जातो. तेवढे दिवस गाडी घरी ठेवा आणि सकाळची एसटी पकडा.